आधी मागची बाजू बघा: घरच्या कॉम्प्युटरला नवं सामान जोडायची रीत

मुलं पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला गेली की मागे घरात एक डेस्कटॉप उरतो. इंदूरच्या मराठी घरांत हे नेहमीचंच, मग घर रामबागेत असो की सुदामानगरात. मशीन तसं बरं चालतं, पण कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेलेली असतात, माउस एकदा दाबला तरी दोनदा दाबल्यासारखं होतं, आणि नातवाला बघायला कॅमेरा नसतो. मग घरात ठरतं की एकदा कॉम्प्युटरच्या बाजारात, सिल्व्हर मॉलला जाऊन सगळं एकदमच घेऊन येऊ.

ते एकदम आणणं तेवढं टाळा. एका खेपेला एकच वस्तू आणा, जोडा, आठवडाभर वापरा, मग पुढचीकडे वळा. एकाच संध्याकाळी चार वस्तू जोडल्या आणि मशीन अडकायला लागलं, तर दोष कीबोर्डचा, प्रिंटरच्या ड्रायव्हरचा (म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) की यूएसबी हबचा (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीचा), हे कुणालाच सांगता येत नाही. बोलावलेला माणूस येतो, विंडोज फॉरमॅट करतो, पैसे घेऊन जातो, आणि दोष होता तिथेच राहतो. एकेक वस्तू जोडली की काय बिघडलं ते लगेच कळतं, आणि दुकानदाराची बदलून द्यायची मुदतही हातात असते.

पहिलं काम: डबा ओढून पुढे घ्या

ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो डबा भिंतीपासून ओढा. आधी मशीन बंद करा, बटण बंद करून प्लग काढा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि मोबाइलने मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो घ्या. दुकानात हा फोटो तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त बोलतो.

फोटोत काय काय दिसेल ते सांगतो. एक-दोन गोल छिद्रं असतील, जांभळं कीबोर्डचं आणि हिरवं माउसचं. जुनी पद्धत आहे ही, पण अजून चालते. फक्त या छिद्रांतली पिन मशीन चालू असताना काढ-घाल करू नका. निळा, पंधरा टाचण्यांचा रुंद पोर्ट व्हीजीएचा, मॉनिटरच्या जुन्या वायरीचा. त्याच्या शेजारी चपटा, खालचे कोपरे छाटल्यासारखा दिसतो तो एचडीएमआय, मॉनिटरच्या नव्या वायरीचा. तीन रंगीत गोल छिद्रं आवाजाची: हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं.

यूएसबीची चौकोनी तोंडं नीट बघा. आतली पट्टी काळी किंवा पांढरी असेल तर ते बहुधा यूएसबी २.०, निळी असेल तर ३.०. पहिल्याचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, दुसऱ्याचा ५,००० मेगाबिट. वेगाबरोबर विजेचाही फरक आहे. जुना पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, निळा ९००. कीबोर्ड-माउस काळ्यात खुशाल चालतात. निळे पोर्ट हार्डडिस्कसाठी राखून ठेवा.

आता एक गोष्ट, जिच्यावर नवखा माणूस हमखास अडकतो. डब्याच्या खालच्या भागात आडव्या पट्टीवर वेगळे एचडीएमआय किंवा व्हीजीए पोर्ट दिसले, तर मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे असं समजा. मॉनिटरची वायर तिथेच लावायची, वरच्या पोर्टात नाही. वर लावली की बऱ्याच मशीनवर स्क्रीन काळीच राहते आणि माणूस नवा मॉनिटर खराब निघाला म्हणून दुकानात परत घेऊन जातो.

वीज, कारण बाकी सगळं तिच्यावर

डब्याच्या पत्र्याला हात लावला की बारीक मुंग्या येतात का? येत असतील तर कुठलीही नवी वस्तू घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. डब्यातल्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचं एक टोक पत्र्याला जोडलेलं असतं. अर्थिंग असेल तर तो किंचितसा गळणारा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावरच थांबतो, आणि तुम्ही नवी एचडीएमआय वायर खुपसता तेव्हा तिच्यातून वाट काढतो. पोर्ट जळण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. रामबागेकडच्या जुन्या वाड्यांत वायरिंग पिढीजात असतं. तिथे भिंतीवर तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या जाड भोकाच्या मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवणं सोडा.

त्यानंतर यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. दुकानात सर्रास मिळतो तो ६०० व्हीएचा. या आकड्याला भुलू नका. खोक्यावर बारीक अक्षरांत वॉटचा आकडा असतो, बहुतेकदा ३६० वॉट, आणि खरा भार तेवढाच उचलला जातो. साधा डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॉटच्या आसपास घेतात. म्हणजे लाइट गेल्यावर काम जतन करून मशीन नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि यूपीएसचं काम तेवढंच. सिनेमा बघत बसायला तो नाही. आणल्यावर मशीन न जोडता सहा-आठ तास नुसता चार्ज करा. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची असते आणि दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. यूपीएस बंद पडला म्हणून पूर्ण नवा घ्यायला निघालेल्यांनी आधी नुसती बॅटरी बदलून बघावी.

"घरात इन्व्हर्टर आहे, मग हे कशाला?" असं काका लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. बऱ्याच इन्व्हर्टरवर एक छोटा खटका असतो, त्याला यूपीएस मोड म्हणतात. तो टाकला की बदल इतका पटकन होतो की मशीन बंद पडत नाही. आधी तो टाकून मेन स्विच एकदा बंद करून बघा. मशीन चालू राहिलं तर यूपीएसचे पैसे वाचले. रीस्टार्ट झालं तर घ्या.

पावसाळ्यात आकाशात कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा, इंटरनेटच्या राउटरचाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

बाजारात

इंदूरमध्ये कॉम्प्युटरचं सामान म्हटलं की आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. वायर, पिन, मोबाइलच्या जोडण्या असलं किरकोळ सामान जेल रोडला स्वस्त पडतं. दुकानदार "बोलो भिया" म्हणून सुरुवात करेल. फोटो दाखवा, काय हवं ते सांगा, आणि दुसरं वाक्य हे ठेवा: "पक्का बिल चाहिए, सीरियल नंबर के साथ." या सामानावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून बिलाशिवाय कमी भाव सांगितला जातो. साध्या माउसवर एक वेळ ठीक आहे. मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस, हार्डडिस्क यांवर मात्र बिल नसेल तर वॉरंटी नुसती तोंडची.

वॉरंटीबद्दल दोन प्रश्न दुकानातच विचारून घ्या. वस्तू बिघडली तर माणूस घरी येणार, की आपण सर्व्हिस सेंटरला न्यायची? आणि दुकानदार स्वतः किती दिवस बदलून देणार? उत्तर बिलाच्या पाठीवर लिहून घ्या. आमच्या ओळखीच्या एका काकूंना मॉनिटर देताना "तीन साल की गारंटी" सांगितलं होतं. पुढे पॅनेल, म्हणजे आतला पडदाच, गेलं तेव्हा कळलं की तीन वर्षं नुसती बोलण्यात, पॅनेलला एकच वर्ष. बिलावर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून वाद घालायलाही जागा उरली नाही. अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

ॲडॉप्टर आणि मॉनिटरच्या मागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि "आर" अक्षरापासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर वस्तू तिथेच ठेवून या.

कीबोर्ड आणि माउस

नवख्याने सुरुवात इथून करावी, कारण चूक झाली तरी चार-पाचशे रुपयांत निभावतं. माझं मत सरळ आहे: डेस्कटॉपला वायरवाला कीबोर्ड आणि वायरवालाच माउस. सेल बदलायची कटकट नाही, डोंगल (वायरलेसचा सिग्नल पकडायला यूएसबीत लावतात ती छोटी पिन) हरवत नाही. रंगीबेरंगी दिव्यांचे मेकॅनिकल कीबोर्ड टिकतात खरे, पण त्यातले निळ्या स्विचचे इतके टकटक वाजतात की दुपारी झोपलेले आजोबा उठून बसतात. शांत हवा असेल तर लाल स्विचचा मागा. नाहीतर साधा मेम्ब्रेनचा, म्हणजे बटणांखाली रबरी पापुद्रा असलेला, पुरे. हिशेब लिहिणाऱ्यांनी उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग आहे ना ते बघून घ्यावं. हल्ली छोट्या कीबोर्डांत तो गायब असतो.

माउस हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या पंजाच्या माणसाला छोटा माउस तासाभरात नकोसा होतो. टेबलावर काच असेल तर साधा ऑप्टिकल माउस तिच्यावर नीट चालत नाही, खाली पॅड हवंच. जुना माउस एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका. आतला बारीक स्विच झिजलेला असतो, माउस बदलायचा.

आता मराठी टायपिंग. यासाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर जाता येतं. तिथे दोन पर्याय मिळतात. एक फोनेटिक, म्हणजे इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचं. दुसरा इनस्क्रिप्ट, १९८६ पासूनचा सरकारी नमुना, ज्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला असतात. दोन ओळींचे निरोप लिहिणाऱ्याने फोनेटिक घ्यावं. रोज पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्टवर पंधरवडा घाम गाळावा, पुढे हात आपोआप चालतो.

इनस्क्रिप्टमध्ये मराठी माणसाला अडतात ती अक्षरं तीन. "ळ" शिफ्ट दाबून एनवर आहे. "डॉक्टर"मधला अर्धचंद्र आणि काना एकत्र हवा असेल तर एंटरच्या वरच्या उलट्या तिरप्या रेघेचं बटण. आणि "दुसऱ्या", "तऱ्हा" यांतला र, जो हिंदी शिकवणारे दाखवतच नाहीत: शिफ्ट दाबून जे, मग हलन्तासाठी डी, मग पुढचं अक्षर, म्हणजे "ऱ्या"साठी स्लॅश आणि ई. तीन-चार वेळा करून बघितलं की जमतं.

कीबोर्डवर चिकटवायच्या देवनागरी पट्ट्या इंदूरमध्ये मिळतात, पण घेताना सावध राहा. इथे सीपीसीटीसारख्या हिंदी टायपिंगच्या परीक्षांमुळे रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीच्या पट्ट्याही तितक्याच खपतात, आणि त्या लावल्या तर दिसेल एक आणि उमटेल भलतंच. पाकिटावर इनस्क्रिप्ट लिहिलंय ना बघा, आणि एनच्या चौकोनात "ल"च्या वर "ळ" आहे का तेही.

वायरलेस घेतलाच असेल तर

वायरलेस माउस अडखळतो, बाण थांबत थांबत सरकतो, आणि सेल नवे टाकूनही फरक पडत नाही. ही तक्रार इतकी ऐकू येते की तिच्यावर जरा थांबतो.

डोंगल आणि माउस एकमेकांशी बोलतात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर. निळ्या यूएसबी ३.० पोर्टात हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह चालू असताना तो पोर्ट आणि त्याची वायर नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपणच काढलं होतं. म्हणून हार्डडिस्क जोडली की माउस लंगडतो आणि काढली की सुधारतो. दोष माउसचा नसतो.

घरी असं तपासा. डोंगल मागच्या निळ्या पोर्टात असेल तर काढून पुढच्या काळ्या पोर्टात लावा. पत्र्याच्या डब्याच्या मागे डोंगल असलं की तसाही सिग्नल अडतो. एवढ्यानेही भागलं नाही तर हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणा, तिच्या टोकाला डोंगल लावा आणि ते टेबलावर माउसजवळ ठेवा. वायर किरकोळ किमतीत मिळते. इतकं करून बाण सुरळीत सरकला तर नवा माउस घ्यायची गरजच नव्हती.

ब्लूटूथचा माउस किंवा हेडफोन घेण्याआधी मशीनमध्ये ब्लूटूथ आहे का ते बघा. लॅपटॉपमध्ये असतंच, जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा नसतं, वेगळं डोंगल लावावं लागतं.

मॉनिटर

घरकामाला बावीस ते चोवीस इंच पुरतो. रेझोल्यूशन फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८०. जुन्या मशीनला फक्त व्हीजीए असेल तर नव्या मॉनिटरला व्हीजीए पोर्ट आहे का ते विचारा, आता बऱ्याच मॉनिटरना नसतो. वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. स्टँड खाली-वर होत नसेल तर जुने दिवाळी अंक खाली ठेवले तरी चालतात.

एचडीएमआय लावल्यावर स्पीकरचा आवाज गेला म्हणून फोन येतात. एचडीएमआयमधून आवाजही जातो, आणि विंडोज तो परस्पर मॉनिटरकडे पाठवतं, मग मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. खाली उजवीकडे स्पीकरच्या चित्रावर दाबून पुन्हा आपले स्पीकर निवडा.

कॅमेरा, हेडफोन

मोबाइलचा माइकवाला हेडफोन डेस्कटॉपला लावला की ऐकू येतं, पण समोरच्याला आपलं ऐकू जात नाही. त्या पिनवर काळ्या रेघा तीन असतात, म्हणजे ऐकणं आणि बोलणं एकाच पिनमध्ये आहे. डेस्कटॉपला मात्र हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी छिद्रं असतात. जेल रोडवर दोन शेपट्यांची छोटी वायर मिळते, तिने काम होतं. मागताना "हेडसेट स्प्लिटर, एक माइक एक स्पीकर" असं स्पष्ट सांगा, नाहीतर दोन हेडफोन एकत्र ऐकायची वायर हातात पडेल. ती दिसते अगदी तशीच. ही भानगड नको असेल तर सरळ यूएसबी हेडसेट घ्या.

कॅमेरा १०८०पीचा घ्या, पण कॅमेऱ्यापेक्षा उजेड महत्त्वाचा. खिडकी पाठीमागे असेल तर महागड्या कॅमेऱ्यातही चेहरा काळा दिसतो. खिडकीकडे तोंड करून बसा. लावल्यावर चित्र आलं नाही तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन कॅमेऱ्याची परवानगी चालू आहे का ते बघा. काम झालं की वायर काढून ठेवायची सवय लावा.

प्रिंटर

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथे. विकत घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: घरात महिन्याला किती पानं निघतात?

मुलं शाळेत आहेत, प्रोजेक्ट, रंगीत चित्रं, रोज काही ना काही निघतं, तर इंक टँकचा प्रिंटर. बाटलीतून शाई ओतायची, पानामागे खर्च नगण्य. पण त्याला चालतं ठेवावं लागतं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठाक असते, आणि पंधरा-वीस दिवस प्रिंटर बंद राहिला की नोझलच्या, म्हणजे शाई कागदावर सोडणाऱ्या तोंडाच्या, सुईइतक्या भोकांत शाई वाळते. मग छापलेल्या पानावर पांढऱ्या आडव्या रेघा येतात. आठवड्याला एक रंगीत पान काढाच, देवाच्या आरतीचं काढा नाहीतर किराण्याच्या यादीचं.

महिन्याला पाच-दहा पानंच असतील, आधारची झेरॉक्स, बँकेचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट, तर नुसतं काळं छापणारा साधा लेझर प्रिंटर घ्या. त्यातला टोनर म्हणजे कोरडी पूड, तो वाळत नाही. उन्हाळाभर पुण्याला मुलाकडे राहून परत आलात तरी पहिल्या बटणाला पान बाहेर येतं. घेताना महाग वाटतो, पण कमी छापणाऱ्याला हाच स्वस्त पडतो. छोट्या कार्ट्रिजचे स्वस्त प्रिंटर कुणी कितीही आग्रहाने दिले तरी घेऊ नका. त्यांची दोन कार्ट्रिजं मिळून कधी कधी प्रिंटरच्याच किमतीला भिडतात.

जोडताना क्रम पाळा. बऱ्याच प्रिंटरवर यूएसबीच्या तोंडाला एक स्टिकर असतो: आधी सॉफ्टवेअर टाका, मग वायर लावा. तो स्टिकर उगीच नसतो. आधी वायर लावली तर विंडोज स्वतःचा जुजबी ड्रायव्हर टाकून मोकळं होतं, छपाई चालते आणि स्कॅनर दिसत नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. शोधलं की वर येणाऱ्या जाहिरातींत नकली ड्रायव्हरवाले बसलेले असतात, आणि तिथे दिलेल्या "हेल्पलाइन"ला फोन केला की ते आधी तुमच्या मशीनचा ताबा मागतात आणि मग पैसे.

इंक टँक पहिल्यांदा भरल्यावर प्रिंटर बराच वेळ घरघरत राहतो, शाई नळ्यांतून डोक्यापर्यंत, म्हणजे नोझल असलेल्या सरकत्या भागापर्यंत, ओढत असतो. मधे बंद करू नका. पहिल्याच दिवशी टाकीतली पातळी खाली गेलेली दिसेल, ती शाई नळ्यांत गेलेली असते.

प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या स्वतःच्या बटणाने. बोर्डाचं बटण थेट बंद केलं की डोकं जिथे असेल तिथे उघडं राहतं. स्वतःच्या बटणाने बंद केलं तर ते कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसतं आणि शाई वाळत नाही. नोझल बुजण्याच्या निम्म्या तक्रारी या एका सवयीने कमी होतील असं मला वाटतं.

लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका. पूड कागदावर वितळवायला आतला रोलर तापतो, त्या क्षणी तो शेकडो वॉट ओढतो आणि ३६० वॉटचा यूपीएस किंचाळून बंद पडतो, सोबत कॉम्प्युटरही. लेझर थेट भिंतीच्या सॉकेटला.

पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं टाकू नका. दमट कागद वळतो आणि दोन-दोन आत जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवा. अडकलेला कागद हिसकून ओढायचा नाही. बंद करून, मागचं झाकण उघडून, दोन्ही हातांनी सावकाश, कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने काढा.

हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह

एक टेराबाइटची डिस्क आणली आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतं, तर फसवणूक झालेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. पण पाचशे रुपयांत दोन टेराबाइटचा पेनड्राइव्ह मिळत असेल तर फसवणूक नक्की. आत ३२ जीबीची चिप असते, फक्त खोटा आकडा सांगायला शिकवलेली. भरत राहते, कुरकुर करत नाही, आणि मुंजीचे फोटो उघडायला गेलं की निम्मे निघत नाहीत. नव्या पेनड्राइव्हवर काही ठेवण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे मोफत साधन चालवा. ते पूर्ण जागा लिहून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

पोर्टेबल हार्डडिस्क जोडल्यावर टिक-टिक आवाज येऊन पुन्हा पुन्हा बंद होत असेल तर बहुधा तिला वीज पुरत नाही. डब्याच्या पुढच्या पोर्टांना आतून बारीक वायर गेलेली असते. डिस्क मागच्या निळ्या पोर्टात लावा, सोबत आलेली आखूड वायरच वापरा. हब वापरायचाच असेल तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला. मागच्या पोर्टातही टिक-टिक थांबली नाही तर डिस्कच जातेय असं समजून आधी त्यातलं सामान दुसरीकडे काढून घ्या.

टीव्हीवर लावायचा पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला असेल तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही. टीव्ही वाचत असेल तर एक्सएफएटी करा. काढताना आधी इजेक्ट, मग हात. आणि फोटोंची प्रत एकाच डिस्कवर ठेवू नका. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, जमलं तर दुसऱ्या घरात, मुलाकडे.

जुन्याचं काय

नवं आलं की जुना माउस, कीबोर्ड, वायरींचा गुंता माळ्यावर जातो. इंदूरात त्याची गरज नाही. कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याला वेगळा कप्पा असतो, तिथे द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका. यूपीएसची जुनी बॅटरी मात्र गाडीत टाकू नका. नवी घेताना दुकानदाराकडे जमा केली की किमतीत थोडी सूट मिळते, मागितली तरच. जुनी हार्डडिस्क देण्याआधी तिच्यातलं नुसतं डिलीट करून भागत नाही, डिलीट केलेलं परत काढता येतं. डिस्क चालू असेल तर विंडोजमधून फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. बंद पडली असेल तर पंच्याचा तुकडा गुंडाळून वरून हातोडीचे चार घाव घाला, आणि मग त्या कप्प्यात टाका.